सुटलेला न्यूट्रल

"केबल लावू नकोस अजून," रत्नाकर खिडकीतून म्हणाला. "आधी मीटर लाव."

मी आमच्या गाडीची जाड पिवळी केबल खांद्यावर घेऊन उभी होते. समोर कमरेइतक्या उंचीचा सिमेंटचा खांब, त्यावर प्लगची पेटी. पलीकडे सुरूची झाडं आणि झाडांच्या मधून दिसणारी खाडी. चिपळूणपासून गाडी मीच चालवत आणली होती. पाठ भरून आली होती आणि मला फक्त चहा हवा होता.

"आधीच्या दोन्ही मुक्कामांत सगळं ठीक होतं की," मी म्हटलं.

"लाव तर खरं."

मीटरच्या दोन्ही सुया प्लगमध्ये घातल्या. आकडा आला दोनशे अठ्ठावन्न. बघता बघता दोनशे सदुसष्ट झाला, पुन्हा खाली आला, पुन्हा चढला. मी आकडे मोठ्याने वाचत होते.

"आता पलीकडच्या खांबावर बघ."

पलीकडे एकशे नव्वद होते.

रत्नाकरने दोन्ही आकडे मला पुन्हा विचारले. मग म्हणाला, "केबल गुंडाळून ठेव. आपण बॅटरीवरच राहू. आणि त्या मालकांना जरा बोलाव."

ही गोष्ट कोविडच्या लाटा ओसरल्या त्यानंतरच्या डिसेंबरातली. आम्ही दोघं सांगलीला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचो. तो इलेक्ट्रिकल, मी गणित. लग्न स्टाफरूममध्येच जमलं, त्यामुळे मी त्याला कधी अहो म्हटलं नाही. निवृत्त झालो आणि लगेच कोविड आला. रत्नाकर त्यातून वाचला, पण त्याची फुफ्फुसं घट्ट होत गेली. नाकात कायमची नळी आली. नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं कॉन्सन्ट्रेटर मशीन. मशीनला वीज लागते. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बंद पडला तर सिलिंडर. घरी एवढी सगळी सोय होती, तरी तो बेडरूमच्या बाहेर पाऊल टाकेना. हॉलमध्येसुद्धा नाही, कारण सिलिंडर पलंगाशेजारी होता. डॉक्टर म्हणायचे, थोडं चाला, उन्हात बसा. तो मान हलवायचा आणि सिलिंडरचा काटा बघायचा. झोपेतही त्याचा एक हात त्या लोखंडावर असायचा.

शेवटी मी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात पलंग, छोटा ओटा, बॅटऱ्या बसवून घेतल्या. म्हटलं, तू खोलीबाहेर येत नाहीस ना, मग आपण खोलीच बाहेर नेऊ. तो हसला नाही, पण विजेच्या कामात त्याने लक्ष घातलं. पलंगावर बसून आकृत्या काढल्या, वायरमनला फोनवरून तासन्‌तास पिडलं. बाहेरची वीज थेट गाडीत येणार नव्हती. आधी ती प्रोटेक्टरच्या पेटीत येणार, पेटी थोडा वेळ तपासून बघणार, व्होल्टेज ठीक असेल तरच आत सोडणार आणि बिघडलं की टक्कन तोडून टाकणार. ते सगळं बसवून झाल्यावर तो पहिल्यांदा जिना उतरून खाली आला. सिलिंडर त्याच्या आधी खाली गेला होता.

कॅम्पचा मालक प्रसन्न बाईत हा चाळिशीचा, उंच, मुंबईची नोकरी सोडून वडिलोपार्जित जागेत परत आलेला माणूस. सुरूच्या वनात त्याने बांबूच्या आठ खोल्या बांधल्या होत्या आणि आमच्यासारख्या गाड्यांसाठी दोन खांब रोवले होते. त्या दिवशी पुण्याच्या निवृत्त बँकवाल्यांचा एक गट उतरला होता. स्वयंपाकघरातून तळलेल्या माशांचा वास येत होता आणि दाराशी त्याची आई, आक्का, कोकमाची सोलं निवडत बसली होती.

"सर, काय झालं?" तो गाडीच्या पायरीशी येऊन म्हणाला.

"तुमचा न्यूट्रल सैल झालाय कुठेतरी," रत्नाकर म्हणाला. बोलताना त्याला मध्ये थांबावं लागायचं. "तीन फेजच्या तीन तारा आणि चौथी न्यूट्रल. तुमच्या सगळ्या खोल्या ह्या चौथीच्या भरवशावर चालतात. ती सैल झाली की एका खोलीत दिवा मंद आणि दुसरीत भगभगीत. आणि ती पुरती सुटली की दोनशे तीसच्या जागी काही खोल्यांना साडेतीनशे, चारशेसुद्धा मिळतात."

"म्हणजे शॉर्ट सर्किट?"

"नाही, फ्यूजही जाणार नाही. नुसतं सगळं जळत जाईल. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा."

प्रसन्नने मान डोलावली. तो उद्धट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्याने आमच्यासमोरच वायरमनला फोन लावला. वायरमन खेडला लग्नाला गेला होता, सकाळी येतो म्हणाला. वीज कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवली गेली.

"सर, मेन आत्ता बंद केला तर पाण्याचा पंप बंद पडेल, फ्रीजरमधलं सगळं खराब होईल," तो म्हणाला. "हे लोक पहिल्यांदाच आलेत माझ्याकडे. मी एसी तेवढे बंद करायला सांगतो. रात्रीची जेवणं झाली की मेनही पाडतो. चालेल?"

"वारा सुटलाय," रत्नाकर म्हणाला. "तार हलतेय."

"जेवणं लवकर उरकतो."

तो गेल्यावर रत्नाकर मला म्हणाला, "तू सांग त्याला. माझ्याच्याने जोरात बोलवत नाही, म्हणून त्याला ते साधं वाटलं."

"त्याने ऐकलंय रे. आपण आपल्यापुरती काळजी घेतली ना?"

तो खिडकीतून हलणाऱ्या तारेकडे बघत राहिला.

मी चहा केला. गाडीचं मागचं दार उघडून आम्ही खाडीकडे तोंड करून बसलो. पाण्यावर ऊन तिरपं झालं होतं, एक होडी परत येत होती. त्याला बाहेर बसलेला बघून मला बरं वाटत होतं. मी म्हटलं, उद्या खाडीकाठच्या पुळणीपर्यंत जाऊ, नळी लांब आहे, आणि सिलिंडर मी ट्रॉलीवर ढकलत आणीन. तो म्हणाला, बघू. बघू म्हणजे नाही, हे मला त्या दोन वर्षांत कळलं होतं.

दिवेलागणीला आक्का तुळशीपाशी दिवा ठेवून आत गेली. खोल्यांचे दिवे लागले. बँकवाले मोकळ्या अंगणात खुर्च्या टाकून जुनी गाणी म्हणत होते. वारा वाढला होता, सुरूची झाडं एका सुरात वाजत होती.

आणि अचानक सगळं पांढरं झालं. अंगणातले दिवे दिवसासारखे प्रखर झाले. गाणं म्हणणारी मंडळी वर बघत राहिली. मग एक बल्ब फुटला, पाठोपाठ दुसरा. एका खोलीतला पंखा वेड्यासारखा फिरायला लागला.

"मेन," रत्नाकर म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "मेन पाडायला सांग."

मी ओरडत धावले. प्रसन्न माझ्याआधीच मीटरच्या पेटीकडे पळाला होता. त्याने मेन पाडला आणि सगळीकडे अंधार झाला, पण स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला लाल उजेड दिसत होता. फ्रीजर पेटला होता. त्याच्याच भिंतीला लागून आक्काची खोली होती.

प्रसन्न आत शिरला. बँकवाल्यांपैकी दोघंतिघं वाळू आणि ओली पोती घेऊन धावले. आग मोठी नव्हती, ती विझलीही लवकर, पण प्लास्टिकचा काळा धूर खोलीत कोंडला होता. प्रसन्नने आईला उचलून बाहेर आणलं आणि आमच्या गाडीपाशी, एकट्या आमच्याच दिव्याच्या उजेडात, खुर्चीवर बसवलं. आक्काला जुना दमा होता. ती पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती आणि श्वास येत नव्हता. ओठ काळसर दिसत होते. प्रसन्न तिची पाठ चोळत होता. "आक्का, तोंडाने घे, तोंडाने घे," एवढंच तो म्हणत होता.

तिचा दम्याचा पंप कुणीतरी आणून दिला. त्याने फारसा फरक पडला नाही. रुग्णवाहिका येऊन मग चिपळूणला जाणार, यात फार वेळ गेला असता. पाहुण्यांपैकी एका गृहस्थाने आपली गाडी काढली. त्या अरुंद, वळणांच्या रस्त्यावर आमची अवजड गाडी त्याच्या निम्म्या वेगानेही गेली नसती.

"सिलिंडर काढ," रत्नाकर मला म्हणाला.

मी ऐकलं नाही असं नाही. मी दारात उभी होते आणि तशीच उभी राहिले.

"तो एकच आहे," मी हळू म्हटलं.

"मला माहितीय किती आहेत."

"बॅटरी निम्मी झालीय. इथली वीज आज येणार नाही. मशीनला काही झालं तर..."

"डिझेल आहे ना टाकीत? इंजिन चालू ठेव. बॅटरी भरत राहील."

"आणि इंजिन बंद पडलं तर? रत्नाकर, आपण त्यांना आपल्या मशीनवर बसवू थोडा वेळ, तोपर्यंत..."

"मशीनचा जोर त्यांना पुरणार नाही. आणि रस्त्यात त्यांना काय देणार?" त्याने सिलिंडरचा पट्टा स्वतःच सोडायला घेतला. तेवढ्या श्रमानेही त्याला धाप लागली. "नीलप्रभा, काढ."

तो मला पूर्ण नावाने कधी हाक मारत नसे. मी पट्टा सोडला आणि सिलिंडर उचलून खाली दिला. रत्नाकर नाकातल्या नळीची लांबी संपेपर्यंत दाराशी आला आणि प्रसन्नला किल्ली कशी फिरवायची, मास्क कसा घट्ट बसवायचा ते दाखवलं. "ह्या काचेतली गोळी पाचाच्या रेघेवर ठेवा. काटा तांबड्यात येईपर्यंत काळजी करू नका. चिपळूणपर्यंत आरामात पुरेल."

मास्क लावल्यावर गाडीत बसेपर्यंत आक्काचा श्वास थोडा लांबला. प्रसन्नने रत्नाकरच्या नाकातली नळी तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितली असावी. तो म्हणाला, "सर, मग तुम्हाला?"

"माझी सोय आहे. निघा तुम्ही."

गाडीचे दिवे झाडांमागे गेले. मी इंजिन सुरू केलं. बँकवाले मेणबत्त्या लावून आवराआवर करत होते. त्यांच्यातल्या एक बाई आमच्यासाठी भात आणि तळलेले मासे घेऊन आल्या. आम्हाला जेवण गेलं नाही. मी डिझेलच्या काट्याकडे बघत होते, मग बॅटरीच्या आकड्याकडे, मग त्याच्याकडे. पलंगाशेजारची जागा मोकळी होती, आणि तो त्या मोकळ्या जागेकडे पाठ करून, खाडीकडे बघत बसला होता.

बऱ्याच वेळाने प्रसन्नचा फोन आला. आक्काला दाखल केलं होतं, आता ती बोलत होती, दवाखान्यातल्या चहाला नावं ठेवत होती. मी फोन ठेवला आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू मला आलं.

"तुला राग आलाय," रत्नाकर म्हणाला.

"नाही. भीती वाटली."

"मलाही वाटली." मग तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. तुला सांगितलेलं नाही मी."

इंजिनाच्या आवाजात मला त्याच्या जवळ सरकून बसावं लागलं.

"वॉर्डात माझ्या शेजारी हिंदुराव मुळीक म्हणून होते. विट्याकडचे. चाळीस वर्षं कोईमतूरला गलाईचं काम केलं त्यांनी."

गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. विट्याच्या भागातली माणसं त्यासाठी देशभर पसरली आहेत, हे सांगलीत सगळ्यांना माहीत असतं.

"भट्टीपुढे बसून सोन्याचा रंग कसा ओळखायचा ते सांगायचे. मास्क काढून सांगायचे, नर्स रागवायची. एक दिवस सकाळी पाइपातला ऑक्सिजन कमी झाला. सगळ्यांचेच आकडे पडायला लागले. कुठून तरी एक सिलिंडर आला. ती मुलगी, नर्स, आमच्या दोघांच्या मधोमध येऊन थांबली. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. तिला कळेना." तो थांबला. श्वास घेऊन म्हणाला, "मी हात वर केला."

मी त्याच्या आणखी जवळ सरकले.

"त्यांनी नाही केला. दुसरा सिलिंडर आला, पण उशिरा आला."

"तुला दम लागला होता रत्नाकर. बुडणारा माणूस हात वर करतोच."

"त्यांनाही लागला होता."

"तू हात वर केला नसतास तरी तिने तुलाच दिला असता कदाचित."

"कदाचित. तेच मला कधी कळणार नाही."

दोन वर्षं मी समजत होते की त्याला मरणाची भीती बसली आहे. सिलिंडरवरचा तो हात मला भित्र्या माणसाचा वाटत होता. मी त्याला समजावत होते, कधी रागवतही होते. त्या लोखंडाला हात लावून तो काय आठवत पडून राहायचा, हे मला त्या रात्री कळलं.

सकाळी वायरमन आला. खांबावरचा न्यूट्रलचा जोड जळून काळा पडला होता, तो त्याने खाली आणून दाखवला. प्रसन्नही परत आला. सिलिंडर भरून आणला होता. तो रत्नाकरच्या पाया पडायला वाकला तेव्हा रत्नाकरने त्याला खांद्याला धरून थांबवलं आणि म्हणाला, "आधी प्रत्येक खोलीच्या लाइनवर प्रोटेक्टर बसवा. मग बोलू." आणि त्याला बाजूला बसवून कागदावर आकृती काढून दिली.

आम्हाला तिथून पुढे दापोलीकडे जायचं होतं. मी नकाशा उघडला, तर रत्नाकर म्हणाला, "विट्याला जाऊ."

"पत्ता माहितीय?"

"गावाचं नाव माहितीय. मारुतीच्या देवळामागे घर, असं ते सांगायचे."

वाटेत कराडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या गावात पोचलो. सिलिंडरच्या ट्रॉलीला मी हात लावायला गेले तर रत्नाकर म्हणाला, राहू दे, मी ढकलतो. गाडीपासून देवळामागच्या घरापर्यंत तो चालत गेला. तीनदा थांबला. मी नुसती बरोबर चालत होते.

हिंदुरावांच्या पत्नी मालनबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हातात एकेक बांगडी. अनोळखी माणूस नाकात नळी घेऊन दारात आलेला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. रत्नाकरने नाव सांगितलं, कुठल्या दवाखान्यात होतो ते सांगितलं. त्यांनी आम्हाला चटई टाकली.

त्याने सगळं सांगितलं. वर केलेला हातही सांगितला. आवाज चढवला नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. सांगून झाल्यावर तो खाली बघत बसला. मालनबाई शेंगांच्या टरफलांकडे बघत होत्या. आतून कुणीतरी, सून असावी, दाराशी येऊन उभी राहिली आणि तशीच आत गेली.

"जागं हुतं व्हय ते?" मालनबाईंनी विचारलं.

"हो. शेवटपर्यंत."

"काय बोललं?"

"बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघत होते. खाटा जवळ होत्या. मला सिलिंडर लावल्यावर मी त्यांचा हात धरला होता. आधी नाही धरला."

मालनबाईंनी हातातली शेंग सुपात ठेवली. मग म्हणाल्या, "मला समद्यांनी सांगितलं, झोपंत गेलं म्हणून. पोरानं सांगितलं, डाक्टरनं सांगितलं. माणूस आयुष्यभर भट्टीपुढं जागा राहिलेला, त्यो झोपंत कसा जाईल? आमाला आत सोडत न्हवतं. मला रोज वाटायचं, कुनीबी न्हवतं त्यांच्यापाशी. एकलंच गेलं असतील."

रत्नाकरने मान वर केली.

"हात वर केल्याचं सांगितलासा, त्ये मी इसरायची न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "खोटं कशाला बोलू." मग त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, पदर सारखा केला आणि आतल्या सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

"आता पैल्यापासनं सांगा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात आले त्या दिवसापासनं. कसे बसायचे, काय खायचे, माजं नाव काडायचे का, समदं. त्यांची खाट कंच्या अंगाला हुती?"

"खिडकीच्या अंगाला," रत्नाकर म्हणाला, आणि सांगू लागला.